वाळूच्या कणाची एकच साक्ष

एकदा एका वृद्ध भूशास्त्रज्ञांकडे, पाध्ये सरांकडे, शलाका नावाची विद्यार्थिनी संशोधन करीत होती. गोदावरीच्या एका उपनदीचा उंच काठ किती जुना, हा तिचा प्रश्न. काठात पोलादी नळी ठोकायची, आतली वाळू उजेड न लागू देता बाहेर काढायची आणि प्रयोगशाळेत तिचे वय मोजायचे, असे ते काम. प्रबंधाची मुदत जवळ आली होती.

अंधाऱ्या खोलीत, मंद लाल दिव्याखाली, तिने वाळूचे कण यंत्रात ठेवले. सरांनी मात्र कळ दाबण्याऐवजी हात जोडले आणि ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

"सर, यंत्र बिघडलंय का?"

"नाही गं. ज्या दिवशी पुरानं हे कण गाळाखाली पुरले, त्या दिवशी त्यांनी सूर्य शेवटचा पाहिला. तेव्हापासून आजूबाजूच्या मातीतून येणारी सूक्ष्म ऊर्जा ते साठवत आलेत. वर किती वस्त्या वसल्या, उठल्या. यांचं साठवणं चालूच. आता आपण प्रकाश टाकला, की ते सगळं उजेडाच्या रूपानं देऊन टाकतील; जितका उजेड, तितकं वय. पुन्हा विचारलं, तर सांगायला त्यांच्यापाशी काही उरणार नाही. म्हणून विचारण्याआधी थांबतो."

शलाकाचा चेहरा उतरला.

"सर, कळ दाबू नका. नळीचं टोपण निसटून ही वाळू उन्हात सांडली होती. मी तीच परत भरली. मुदत टळेल म्हणून बोलले नाही."

सरांनी यंत्रातले कण बाहेर काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "मुदत वाढवून मागू. अर्जावर मी सही करतो. पण नदीवर पुन्हा जायचं."

आठवड्याने दोघे त्याच काठावर गेले. उन्हात हातोडा चालवून शलाकाचे तळवे सोलवटले. या खेपेस तिने टोपण घट्ट बसवले, वर काळे कापड गुंडाळले आणि नळी परतीच्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही.

या वेळी कळ तिनेच दाबली. डोळ्यांना काही दिसले नाही. पडद्यावर मात्र एक रेष उसळली आणि हळूहळू उतरत तळाला टेकली.

"इतकंच?" तिने कुजबुजत विचारले.

"इतकंच. नेमका आकडा हिशेबानंतर कळेल, पण चाळीस हजार वर्षं तरी असावीत."

"आणि आता या कणांचं वय?"

"आता ते आज जन्मले."

शलाका टिपणवही न उघडता बराच वेळ त्या स्तब्ध रेषेकडे पाहत राहिली.