गाडी आधी माळावर का थांबते

दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झाली होती, तेव्हा हे सगळे सुरू झाले, असे सांगतात. अमेरिकेतल्या हॅरोफोर्ड शहरात कुणीही राष्ट्राध्यक्ष येवोत, त्यांची गाडी आधी शहराबाहेरच्या माळावर थांबते. पाहुण्यांनी कारण विचारले की स्टेशनवरचे बर्टन आजोबा टोपी काढून हातात घेतात आणि थेक्लाची गोष्ट सांगतात.

थेक्ला लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. तिची लेना आठ महिन्यांची. त्या काळी राष्ट्राध्यक्षांची आगगाडी शहरोशहरी थांबे, आणि लोक आपल्यातले एक गोजिरे बाळ त्यांच्या हातात देत. हॅरोफोर्डात तर बाळ आधी गाणाऱ्या मुलांच्या रांगेतून हातोहात पुढे जायचे, सगळे त्याचा पापा घेत घेत. त्या वर्षी हा मान लेनाला मिळाला.

पण शहरात घटसर्पाची साथ होती. आजारी घराच्या दारावर इशाऱ्याचा पिवळा कागद लावत. नगराध्यक्षांनी म्हणे आदल्या दिवशी ते कागद फाडायला लावले आणि त्याच दारांवर झेंडे टांगले. दौरा रद्द व्हायला नको ना!

गाडी पाचला यायची होती. चार दहाला नवे झबले घालताना थेक्लाच्या हाताला चटका बसावा, इतके पोरीचे अंग तापलेले. तिने तोंड उघडून पाहिले. घशात घटसर्पाचा पांढरा पडदा धरला होता. लेनाला घेऊन ती तशीच स्टेशनवर धावली आणि नगराध्यक्षांना ताप सांगितला. फलाटावर गाणारी चाळीस मुले रांगेत उभी होती.

"अगं, दात येत असतील," नगराध्यक्ष म्हणाले. "दे इकडे."

शेजारीण कोरा फणकारली, "मान मिळाला की लगेच नखरे! नको तर माझी पोर देते."

थेक्लाने लेनाला दिले नाही. पोर छातीशी धरून ती रुळांवरून चालत सुटली आणि माळावर रुळांच्या मधोमध उभी राहिली. डोक्याचा रुमाल सोडून हलवत राहिली. इंजिन दहा पावलांवर येऊन थांबले.

"घटसर्प आहे!" ती ओरडली. "आमच्या पोरांना हात लावू नका!"

गाडी तिथूनच मागे फिरली. राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर तेवढे उतरले, महिनाभर राहिले. फलाटावरची चाळीसही मुले वाचली, असे म्हणतात. लेना तिसऱ्या दिवशी गेली. तरी वर्षभर थेक्लाशी कुणी बोलले नाही. तिने शहराची लाज काढली म्हणे. मग एका सकाळी कोरा आपल्या पोरीला घेऊन तिच्या दारात आली. पोर थेक्लाच्या हातात देत म्हणाली, "ही तुझ्यामुळे राहिली."

आजही दौऱ्याआधी दोन आया दारोदार जातात. "घरात कुणाला ताप आहे का?" एवढेच विचारतात आणि माळावर थांबलेल्या गाडीला उत्तर कळवतात. कुणी हो म्हटले तर राष्ट्राध्यक्ष माळावरूनच हात हलवून परततात, आणि त्या घराला कुणी नावे ठेवत नाही.

बर्टन आजोबा ऐकणाऱ्यांकडे एकच मागतात. तुमच्याकडे लग्न असो, जत्रा असो, केवढाही मोठा पाहुणा असो, पोराचा ताप झाकू नका. आणि घरी गेलात की शेजारणीलाही हे सांगा.