तळापर्यंत पळी

फार पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी उदुंबर नगरात महीसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व ना हरीण होता, ना मंत्री. नगराच्या पूर्व वेशीजवळ भद्रसाल शेठच्या दुकानात कुळथाचे कढण वाढणारा तो एक साधा नोकर होता. त्याचे नाव सोमिल. पण ही कथा सुरू होते ती राजाच्या पोटापासून, कारण त्या काळी राज्यातल्या बहुतेक गोष्टी तिथूनच सुरू होत.

महीसेन राजाने उभ्या आयुष्यात गरम घास खाल्ला नव्हता. त्याचे ताट चुलीपासून निघाले की आधी विष पारखणारा चाखायचा, मग राजवैद्य त्या चाखणाऱ्याची नाडी धरून बराच वेळ बसायचा, मग पुरोहित मंत्र म्हणायचे, आणि पुरोहितांना छोटे मंत्र पाठ नव्हते. ताट राजापुढे येईपर्यंत भातावरचे तूप थिजलेले असायचे. राजा निमूटपणे जेवायचा आणि मग दिवसभर सगळ्यांवर खेकसायचा. लोक म्हणत, महाराज तापट आहेत. खरे तर ते उपाशी होते.

एके दिवशी दरबार भरलेला असताना पूर्वेकडून वारा आला आणि त्याबरोबर हिंग-आल्याच्या फोडणीचा वास आला. राजाने बोलता बोलता थांबून नाक वर केले.

"महाराज, ते वेशीवरचं कढण," प्रधान म्हणाला. "गाडीवान लोक द्रोणात घेतात आणि उभ्या उभ्या फुंकर मारून पितात."

"फुंकर कशाला मारतात?"

"गरम असतं म्हणून, महाराज."

राजाचे डोळे भरून आले. दरबाऱ्यांना वाटले, महाराजांना प्रजेचे कष्ट आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा गाडीवानाचे धोतर नेसून, डोक्याला मळके मुंडासे गुंडाळून एकटाच बाहेर पडला. कढणाच्या किमतीचे तांब्याचे एक नाणे त्याने खजिनदाराकडून घेतले होते. खजिन्यात सगळे सोनेच असल्यामुळे ते शोधायला आदली सगळी रात्र गेली होती.

भद्रसालाच्या दुकानात बसायची सोय नव्हती. पुढे एक फळी, फळीमागे चुलीवर दोन हंडे, आणि प्रत्येक हंड्यापाशी पळी घेतलेला एकेक माणूस. कुणी तिथेच उभ्याने प्यायचे, कुणी वाटेसाठी मडक्यात भरून, तोंडाला केळीचे पान बांधून न्यायचे. राजा सरळ फळीपाशी गेला, कारण लोक आपल्यासाठी बाजूला होतात एवढेच त्याला माहीत होते.

"ओ गाडीवानदादा! आम्ही काय इथे ऊन खायला उभे आहोत?" एक मोळीवाली ओरडली.

रांग म्हणजे काय हे राजाला त्या दिवशी कळले. रांगा दोन होत्या, एक लांबलचक आणि एक अगदी छोटी. लांब रांग सोडून लोक छोट्या रांगेत का येत नाहीत, याचे त्याला नवल वाटले. प्रजा साधीभोळी आहे असे मनाशी म्हणत तो छोट्या रांगेत शिरला.

त्याच्या पुढे एक मिठाचा व्यापारी होता. फळीवर मातीचा एक यक्ष बसवला होता. पोट सुटलेला, डोळे वटारलेले, तोंड उघडे. घेणाऱ्याने कढणाची किंमत शेठला दिली की वर यक्षाच्या तोंडात कवड्या घालायच्या, त्या वाढणाऱ्याच्या, अशी तिथली पद्धत होती.

"हे काय नवीन खूळ?" व्यापारी करवादला. "बसायला पाट दिला, पंख्यानं वारा घातला, तर माणूस खुशीनं देईल काहीतरी. इथे उभं आम्ही राहायचं, द्रोण आम्ही धरायचा, चटका आम्हाला बसायचा आणि वर कवड्याही आम्हीच घालायच्या?"

"मग पळी काय आपल्या पायांनी चालत तुमच्या द्रोणात येते?" शेजारच्या रांगेतून मोळीवाली म्हणाली. "पहाटेपासून धुरात उभा आहे तो. यक्ष बसवला त्या दिवसापासून शेठनं ह्यांचा पगार बंद केलाय, ठाऊक आहे का?"

"मग शेठला बोला की!"

"तुम्ही बोला. तुमचा आवाज मोठा आहे."

व्यापाऱ्याने शेठच्या गादीकडे पाहिले, मग यक्षाच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि मुकाट्याने कवड्या घातल्या.

मोळीवालीचे म्हणणे खरे होते. पूर्वी एका खूश झालेल्या गाडीवानाने या छोट्या रांगेला वाढणाऱ्या कालकाच्या हातावर चार कवड्या ठेवल्या होत्या, आणि तेवढ्यावरून भद्रसालाच्या डोक्यात प्रकाश पडला होता. कुंभाराकडून यक्ष आला, नोकरांना सांगण्यात आले, "आता तुम्हाला यक्ष देईल," आणि शेठची थैली कायमची बंद झाली. बिचारा कालक घरी चार तोंडे असलेला माणूस. त्याची पळी हंड्यात असे आणि नजर गिऱ्हाइकाच्या हातावर. हात यक्षाकडे गेला की पळी तळाला जाई आणि कुळथाचे दाणे वर येत. हात गेला नाही तर पळी वरच्या पाण्यावर नुसती पोहून परत येई.

राजाने तांब्याचे नाणे दिले आणि द्रोण पुढे केला. कालक थांबला. यक्ष तोंड उघडून बसला होता. राजाजवळ दुसरे काहीच नव्हते. मागून कुणीतरी खाकरले. कालकाने सुस्कारा टाकून पळी फिरवली, आणि द्रोणात पिवळसर पाणी पडले. त्यात कुळथाचा एक दाणा एकटाच तरंगत होता.

"यात बाकीचे दाणे?" राजाने विचारले.

"ते तळाला असतात," कालक म्हणाला.

रांगेत हशा पिकला. ज्याच्यापुढे मांडलिक राजे गुडघे टेकत, त्याचे कान त्या फळीपुढे लाल झाले. पाणी गरम होते हे खरे, पण अपमान झाल्यावर माणसाला चव कळत नाही. शेजारच्या हंड्यापाशी सोमिल कवडी देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला सारखेच ढवळून वाढत होता, म्हणून तर ती रांग लांब होती. राजाने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

त्याच दुपारी नगरात दवंडी फिरली. मालाच्या किमतीहून अधिक काही जो नोकराच्या हातावर ठेवील, त्याला भर चौकात पंचवीस फटके. वेशीवरचा यक्ष फोडण्यात आला आणि राजा समाधानाने थंड भात जेवला.

यक्ष गेला, पण पगार काही परत आला नाही. "राजाज्ञेपुढे माझं काय चालणार?" असे म्हणून भद्रसालाने हात वर केले. कालकाच्या घरची चूल विझली आणि तो बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला गेला, जिथे जावयाचे स्वागत पहिल्या दिवशी होते तसे पुढे राहत नाही. सोमिल तेवढा उरला. त्याला घरसंसार नव्हता. लांबून आलेले गाडीवान उपाशी पुढे जाणार हे त्याला बघवेना. हंड्याला लागलेली खरवड खाऊन तो दिवस काढू लागला.

शेठला तेही सलत होते. "अरे, आता तुला कुणी कवडीही देत नाही, मग ढवळतोस कशाला?" तो एके संध्याकाळी म्हणाला. "दाणे तळाला राहिले की त्यातच पाणी घालून संध्याकाळी पुन्हा उकळता येतात. उद्यापासून पळी वरच्या वर फिरव, नाहीतर दुसरं दुकान बघ."

दुसऱ्या दिवशी राजा पुन्हा गाडीवान होऊन आला. आपल्या न्यायाने प्रजा किती सुखी झाली हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. प्रजा एकाच लांब रांगेत पेंगत उभी होती. राजा शहाण्यासारखा शेवटी जाऊन उभा राहिला.

त्याची पाळी आली तेव्हा शेठ गादीवरून ओरडला, "सोमिल, पळी वर!"

"हो शेठ," सोमिल म्हणाला. त्याने पळी पार तळापर्यंत नेली, हंडा सावकाश ढवळला, आणि मगच पळी वर आणली. द्रोण दाण्यांनी काठोकाठ भरला. वर त्याने फोडणीतले आले घातले.

राजाने फुंकर मारली. त्याची ती पहिलीच फुंकर असल्यामुळे थोडे कढण मिशीवर उडाले. मग त्याने घोट घेतला. आल्याची तिखट ऊब छातीतून पोटात उतरली आणि राजा डोळे मिटून तसाच उभा राहिला.

"मी तर तुला काहीच दिलं नाही," तो म्हणाला. "आणि शेठ तुला आज काढून टाकील."

"काढील बहुतेक," सोमिल म्हणाला. "पण दादा, तुम्हाला भूक लागली होती ना? न ढवळता वाढलं असतं तर ते कढण कसलं, हंडा धुतलेलं पाणी झालं असतं. निवायच्या आत प्या."

राजाला भरून आले. आपण काय करतो आहोत हे कळण्याआधी त्याने कमरेच्या गाठीतली अंगठी सोडली आणि सोमिलाच्या तळहातावर ठेवली. त्याच क्षणी त्याच्या खांद्यावर एक जाडजूड हात पडला.

"किमतीहून अधिक," नगररक्षक म्हणाला. "तेही सोनं! चला चौकात."

"मूर्ख माणसा, सोड! मी राजा आहे!"

"काल एक न्हावीही हेच सांगत होता," रक्षक म्हणाला आणि सोमिलाकडे वळला. "काय रे, यानं दिलं का तुला?"

सोमिल जन्मात खोटे बोलला नव्हता. "दिलं," तो म्हणाला.

राजाने त्याच्याकडे असे पाहिले की दुसरा कुणी असता तर जागीच गार झाला असता.

चौकात खांबाला बांधल्यावर दवंडीवाल्याने राजाज्ञा मोठ्याने वाचून दाखवली. ऐकता ऐकता राजाला घाम फुटला. असली आज्ञा कुठल्या गाढवाने काढली असेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि मग त्याला उत्तर आठवले. रक्षकाने वेत उगारला.

"थांबा," मागून धावत आलेला सोमिल म्हणाला. त्याने अंगठी खाली ठेवली आणि आपली पाठ पुढे केली. "मारायचंच असेल तर मला मारा. गुन्हा माझ्यामुळे घडला. मी वरचं पाणी वाढलं असतं तर हे शिव्या देत निघून गेले असते आणि कायदा मोडला नसता. ढवळलं मी. पोट भरल्यावर माणसाचा हात आपोआप पुढे होतो, त्याला हे तरी काय करणार?"

रक्षक बुचकळ्यात पडला. पण हुकूम तो हुकूम, म्हणून त्याने सोमिलाच्या पाठीवर वेत उगारला.

"खबरदार!" राजा गरजला.

वेत हवेतच राहिला. हा रक्षक पूर्वी राजवाड्याच्या दारावर पहाऱ्याला होता. रोज सकाळी स्नानाचे पाणी थंड निघाले की आतून येणारा आवाज अगदी हाच. त्याने मुंडाशाखाली नीट निरखून पाहिले आणि तो साष्टांग आडवा झाला. पाठोपाठ सगळा चौक आडवा झाला. उभे राहिले दोघेच, खांबाला बांधलेला राजा आणि त्याच्या दोऱ्या सोडवणारा सोमिल.

"आता तूच सांग," मनगटे चोळत राजा म्हणाला. "द्यायला लावलं तरी माणसं रडतात, देणं बंद केलं तरी रडतात. करू तरी काय?"

"महाराज, पगार शेठनं द्यायचा," सोमिल म्हणाला. "तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायला यक्ष नको. आणि कुणाला खुशीनं द्यावंसं वाटलं तर देऊ दे, न वाटलं तर राहू दे. त्यात दवंडीचं काही काम नाही."

"पण मग कढणाची किंमत वाढेल!" भद्रसाल जमिनीवरूनच म्हणाला.

"वाढेल थोडी," सोमिल म्हणाला. "लोकांना ती आधी कळेल. फळीपुढे उभं राहून कुणाला मान खाली घालावी लागणार नाही."

मिठाचा व्यापारी पालथ्या पालथ्याच कुरकुरला, पण राजाने तसाच हुकूम दिला. वेशीवरच्या सगळ्या दुकानांत नोकरांचे पगार सुरू झाले, थकलेलेही चुकते झाले. कालक सासुरवाडीहून परतला, आणि दोन्हीकडच्या मंडळींना आनंद झाला. राजाने अंगठी पुन्हा पुढे केली तेव्हा सोमिलाने आढेवेढे न घेता ती घेतली, कारण मनापासून दिलेले नाकारणे त्याला बरे वाटले नाही.

पुढच्या सकाळी राजा मुकुट घालून, उघडपणे दुकानात आला आणि रांगेत उभा राहिला. काल सोन्याची अंगठी दिली आहे, तेव्हा आज द्रोण जरा जास्त भरेल अशी त्याची आशा होती. माणसाचे मन आहे, राजाचे असले म्हणून काय झाले! सोमिलाने ढवळले आणि वाढले, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या मोळीवालीलाही वाढले. राजाने मागे वळून मोळीवालीच्या द्रोणात डोकावले. तिलाही तेवढेच दाणे होते. तिने तर कधी कवडीही दिली नव्हती.

राजाचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याला आठवले की राजवाड्यात आपल्याला वाढणारा प्रत्येक हात जन्मभर आपल्या हाताकडे बघत आला आहे. या माणसाने आधी आपल्याला भिकारड्या गाडीवानाच्या वेषात वाढले, आता मुकुटात वाढले, आणि पळी दोन्ही वेळा तेवढीच खोल गेली. आपण राजा नसतो तरी इथे उपाशी राहिलो नसतो, हे कळल्यावर महीसेनाला भर रांगेत रडू आले. मोळीवाली म्हणाली, "चटका बसला वाटतं. फुंकर मारून प्या, महाराज."

विहारात पेज वाढणारा एक भिक्षू आपली स्तुती करणाऱ्यांना घट्ट पेज आणि इतरांना पातळ पेज वाढतो, अशी तक्रार आली तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि जन्मांची जोड घालून दिली. "भिक्षूंनो, त्या वेळचा कालक म्हणजे आज पेज वाढणारा हा भिक्षू. भद्रसाल शेठ म्हणजे त्याला तसे करायला शिकवणारा त्याचा सोबती. महीसेन राजा म्हणजे पातळ पेज मिळाली म्हणून रागावून माझ्याकडे आलेला हा तक्रारदार. आणि सोमिल तो मीच होतो." देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला एकाच मनाने वाढणे, ही समचित्ततेची पारमिता, म्हणजे त्या गुणाची परिपूर्णता, बोधिसत्त्वाने त्या जन्मी कुळथाच्या हंड्यापाशी उभे राहून साधली.