कबरस्थानाकडचं दार

केशरबाई भिंगारदिवेंना एकच गोष्ट हवी होती, मेल्यावर नवऱ्याच्या कबरीशेजारी जागा. पण चर्चच्या कबरस्थानात जागा फक्त सभासदांना. म्हणून त्या धुक्यातल्या संध्याकाळी सभासदत्वाचा अर्ज घेऊन चर्चच्या पंच कमिटीपुढे येऊन बसल्या.

अध्यक्ष उजागरे चष्मा पुसत म्हणाले, "मेलेले पुन्हा उठतील, यावर विश्वास आहे?"

"नाही. आणि खोटं बोलून मला ह्यांच्या शेजारी झोपायचं नाही."

"विश्वास नसलेल्यांना सभासद करायचं, तर याला चर्च कशाला म्हणायचं?" उजागरेंनी टेबलावर हात आपटला.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. ते दार फक्त शवपेटी बाहेर न्यायला उघडत. त्याच्यापलीकडे कबरींशिवाय काहीच नव्हतं. ते पुन्हा वाजलं, सावकाश, घरच्या माणसाने वाजवावं तसं.

पंचांची बोबडी वळली. उजागरे भिंतीपर्यंत सरकले. "कोणी उघडू नका!"

केशरबाई पदर सावरून उठल्या. "का हो अध्यक्ष? मेलेले उठतात यावर माझा विश्वास नाही, म्हणून मी उघडायला निघाले. तुमचा तर आहे ना? मग आपलं माणूस आलं म्हणून तुम्ही माझ्या आधी धावायला हवं होतं!"



त्यांनी कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. ओल्या मातीचा वास तेवढा आत आला. केशरबाईंचा हात क्षणभर कडीवरच राहिला. मग धुक्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "थांबा जरा. अर्ज मंजूर व्हायचाय अजून."

"मंजूर!" मागून उजागरे ओरडले. "मंजूर आहे बाई, आधी दार लावा!"