वाकसाची खुंटी

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात नावा बांधायची शाळा होती. नदी ओलांडल्याशिवाय त्या गावाला ना बाजार मिळे, ना वैद्य. त्यामुळे शाळेच्या मिस्त्रींना सगळे मान देत.

शाळेच्या भिंतीत एक उंच खुंटी होती. लाकूड तासायचा वाकस तिच्यावर टांगलेला असे. शाळा ज्याने काढली तो माणूस ताडमाड उंच होता. आपल्या हाताला सोयीची पडेल अशी खुंटी त्याने ठोकली, बाकी त्याच्या मनात काही नव्हतं. पण मोठ्यांच्या सवयीचा नियम करून टाकायची लोकांना भारी हौस! दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की नवी मुलं खुंटीखाली उभी राहत. टाच न उचलता ज्याचा हात वाकसाला लागेल, त्यालाच शाळेत घेत. बुटकी, अधू, अर्धपोटी राहून वाढ न झालेली मुलं दारातूनच परत जात. मुलींना तर रांगेत कुणी उभंच करत नसे.

एका वर्षी नावाड्याची मुलगी आपणहून रांगेत येऊन उभी राहिली. तिचा एक पाय आखूड होता. बापाची नाव जुनी झाली होती, तळातून पाणी यायचं, आणि कळायला लागल्यापासून ही पोर करवंटीने ते पाणी उपसत आली होती. येताना तिने घरून एक पाट आणला होता. तो खुंटीखाली ठेवून ती वर चढली आणि तिने वाकस हातात घेतला.

लोक खो खो हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून वाकस काढून घेतला.

“पाट जेवायला मांडतात पोरी, विद्येला नाही.”

“मिस्त्रीबाबा, मला बाबांची नाव नीट करायचीय. नाहीतर एक दिवस ती बुडेल.”

“म्हणून मी नियम मोडू?”

मिस्त्रींची बायको दारात उभी होती. तिला राहवलं नाही. “अहो, खुंटी हातभर खाली घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“खुंटी खाली आली की विद्याही खाली येते,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी वाकस पुन्हा टांगला.

मुलगी लंगडत घरी गेली. पाट तिथेच राहिला. कुणीतरी तो पायाने कोपऱ्यात सारला.

पुढे राजाला वाड्याच्या पहाऱ्यासाठी उंच माणसं हवी झाली. राजाची माणसं गावोगाव फिरू लागली. या गावात त्यांना शोधाशोध करावीच लागली नाही, सगळे उंच एका छपराखाली सापडले. दर वर्षी ते चार-दोन घेऊन जात. शिकलेले गेले, शिकणारे गेले. शेवटी मिस्त्रींजवळ एकच शिष्य उरला. तो रोज वाकस काढून त्यांच्या हातात देई आणि संध्याकाळी परत टांगे. मग एक दिवस तोही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा झालेला नावाडी धापा टाकत आला. “मिस्त्री, तळाची फळी सुटतेय. आत्ता येता का? पलीकडे बाजाराची माणसं खोळंबलीत.”

“तू हो पुढे, मी वाकस घेऊन आलोच,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी हात वर केला. हात पोहोचेना. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाठीला बाक आला होता, आणि वाकस कायम कुणीतरी हातात देत असल्यामुळे त्यांना ते कळलंच नव्हतं. त्यांनी टाचा उचलल्या, तरी बोटं खालीच राहिली. कोपऱ्यात धुळीत तो पाट पडला होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. शाळेत दुसरं कुणी नव्हतं, तरीही त्यांना लाज वाटली.

ते बाहेर आले आणि काठावरूनच ओरडले, “आज नाही जमायचं. उद्या बघू.”

लोक खोळंबलेले होते, म्हणून नावाड्याने पोरीला काठावरच ठेवून तशीच नाव पाण्यात लोटली. पलीकडे पोहोचायच्या आतच, मधल्या धारेत फळी सुटली. नाव गेली, नावाडीही गेला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री त्या पाटावर चढले. रडत रडत त्यांनी खुंटी उपटली आणि कमरेएवढ्या उंचीवर ठोकली. मग वाकस घेऊन ते नावाड्याच्या घरी गेले.

“पोरी, चल. आता तुझा हात पोहोचेल.”

मुलगी उंबऱ्यात बसली होती. तिच्या शेजारी करवंटी होती. “बाबांची नाव नीट करायला मला शिकायचं होतं, मिस्त्रीबाबा,” ती म्हणाली. “आता कुणाची करू?”

मिस्त्रींनी वाकस तिच्यापुढे उंबऱ्यावर ठेवला. ती उठली आणि तिने तो घेतला.

मिस्त्रींनी जीव तोडून शिकवायला सुरुवात केली. पण हातांत बळ उरलं नव्हतं, नजर अधू झाली होती. फळी तासायची कशी एवढं शिकवून झालं आणि त्या हिवाळ्यात ते वारले. फळ्या वाकवायच्या कशा, सांधायच्या कशा, ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

आता त्या शाळेत मुलं-मुली पुष्कळ येतात. खुंटी सगळ्यांच्या हाताला लागते. नावाड्याची मुलगी त्यांना तासायला शिकवते, कारण तिला तेवढंच येतं. अंदाजाने बांधलेली नाव ती दर वर्षी पाण्यात सोडते. नाव गळते, आणि ती करवंटी घेऊन पाणी उपसत बसते.

तात्पर्य: विद्येची खुंटी वेळ असतानाच खाली घ्यावी. उशीर केला तर हात पोहोचतात, पण विद्या उरलेली नसते.