थोरल्याची फांदी

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगरापासून तीन दिवसांच्या वाटेवर, मोहाच्या एका रानात, वृक्षदेवता होऊन जन्मला होता. त्याचे झाड रानातले सर्वांत जुने. पाच जणींनी हात धरून कवेत घ्यावे असा त्याचा बुंधा होता, आणि पूर्वेकडे गेलेली एक फांदी तर एखाद्या झाडाएवढी होती. रानाशेजारच्या गावातल्या बायका त्या झाडाला ‘थोरला’ म्हणत. त्या फांदीवर त्यांचा झोका बांधलेला असे आणि तिच्याखाली तेलाचा दिवा.

त्या रानाची एक रीत होती. झाडे बायकांची. सून घरात आली की सासू तिचा हात धरून तिला रानात नेई, तिचा तळवा एका झाडावर टेकवी आणि म्हणे, “हे तुझं.” मग जन्मभर त्या झाडाखालची फुले तिने वेचायची, बिया तिने गोळा करायच्या, त्याच्या मुळाशी बसून तिने रडायचे आणि हसायचेही. नवऱ्याला झाडातले काही विचारायची सोय नव्हती. विचारले तर उत्तर मिळत नसे.

दुसरीही एक रीत होती. फाल्गुनात मोह गळू लागण्याआधी प्रत्येक बाई आपल्या झाडाखालचा पाचोळा पेटवून देई. जमीन काळी आणि स्वच्छ झाली की तिच्यावर पडलेली पिवळसर फुले लांबूनही दिसत. जिच्या झाडाखाली काडीही नाही ती बाई कामाची, असे तिथे मानत. पुढे ज्येष्ठात फळे पिकत, तेव्हा एकूण एक बी उचलून तिचे तेल काढत. एक बी जमिनीवर राहिली तरी सासू सुनेला ती उचलायला पुन्हा रानात पाठवी.

बोधिसत्त्व हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत होता. त्याला बोलता येत नव्हते असे नाही. पण देव बोलला की माणसे नमस्कार करतात आणि घरी जाऊन पूर्वीचेच करतात, हे त्याने पुष्कळदा अनुभवले होते. म्हणून तो दर वर्षी बिया टाकी आणि वाट पाही.

त्या वर्षी तिस्सा नावाच्या बाईच्या घरी सून आली. तिचे नाव कण्हा. मुलगी कुंभाराची, दूरच्या गावची, तिने मोहाचे झाड कधी पाहिलेसुद्धा नव्हते. तिस्साकडे दोन झाडे होती. एक थोरला, तो गावातल्या मानकरी बाईकडेच असे. दुसरे सुनेसाठी राखलेले, ते गेल्या ज्येष्ठातल्या वादळात उन्मळून पडले होते. तिस्साने सुनेचा हात धरला खरा, पण टेकवायला झाड नव्हते. बायकांनी लगेच कण्हाला नाव पाडले, बिनझाडाची. पाणवठ्यावर तिला बघून त्या हसत. ती बिचारी घागर भरायची आणि मान खाली घालून परत यायची.

वैशाख संपत आला असताना नगरातून अमात्य शोणक आला. राजाला नगराच्या वेशीसाठी आणि नव्या तटासाठी लाकूड हवे होते. शोणक दुष्ट माणूस नव्हता. तो नियमाचा माणूस होता, आणि अशा माणसाशी भांडणे फार अवघड जाते. बायकांना थोरल्याखाली बोलावून तो म्हणाला, “राजाच्या आजोबांचा नियम आहे. ज्या म्हाताऱ्या झाडाच्या आसपास त्याचं पोर उभं आहे, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. ज्याला पोर नाही, ते झाड सरलं. ते पडून कुजण्याआधी तोडावं. आता दाखवा मला इथलं एक पोर झाड.”

बायका हसल्या. एवढेच ना! त्या रानात पांगल्या. दुपार झाली, ऊन कलले, आणि एकेक बाई परत येऊ लागली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. रानभर आज्या उभ्या होत्या. नात एकही नव्हती. ज्या झाडांना त्यांनी जन्मभर हात लावला, त्यांना मूल नाही हे त्यांना त्या दिवशी कळले.

“पाऊस आला की गाड्या रुततात,” शोणक म्हणाला. “कार्तिकी पौर्णिमेनंतर माणसं घेऊन येतो. हा थोरला देवाचा, याला हात लावणार नाही. बाकीची तोडावी लागतील. माझा इलाज नाही, बाई.”

तो गेल्यावर गावात चुली पेटल्या नाहीत. कुणी म्हणे रानाला दृष्ट लागली, कुणी म्हणे कलियुग जवळ आले. तिस्सा भिंतीला टेकून बसली होती. तिने सुनेकडे बघून एवढेच म्हटले, “तुला झाड देता आलं नाही, ते बरंच झालं. गाव सोडून जाताना त्रास कमी होईल तुला.”

कण्हाला ते बोलणे सहन झाले नाही. ती उठून रानात गेली आणि आपल्या न मिळालेल्या झाडाच्या आडव्या खोडावर जाऊन बसली. ते झाड आता कुणाचे नव्हते, म्हणून यंदा तिथे कुणी पाचोळा जाळला नव्हता, आणि गेल्या वादळात गळलेल्या बियाही कुणी वेचल्या नव्हत्या. पाय पाचोळ्यात बुडत होते. रडता रडता तिने सहज हात खाली घातला, तर हाताला एक काडी लागली. तिने पाचोळा बाजूला केला. वीतभर रोप होते, शेंड्याला तांबूस कोवळी पाने. तिने एका पानाचे टोक खुडले. पांढरा चीक आला.

सासूने पहिल्याच दिवशी तिला सांगितले होते, मोह ओळखायचा तो चिकावरून.

कण्हा तशीच धावत गावात गेली. बायका थोरल्याखाली जमलेल्या होत्या. ती धापा टाकत म्हणाली, “पडलेल्या झाडापाशी पोर आहे. दृष्ट नाही लागली. आपणच जाळली पोरं. आपणच!”

“कालची पोर तू,” एक म्हातारी ताडकन उठली. “तुझ्या बापानं मडकी भाजली जन्मभर, आणि तू आम्हाला झाडं शिकवतेस?”

“मडकी भाजणाऱ्याची आहे म्हणूनच सांगते, आजी,” कण्हा म्हणाली. “आगीत काय टिकतं आणि काय टिकत नाही, ते आमच्या घरी लहान पोरालाही कळतं.”

तिस्सा उठली आणि सुनेच्या मागे चालू लागली. पडलेल्या झाडापाशी ती गुडघ्यावर बसली, रोपाभोवतीचा पाचोळा तिने बोटांनी हळूच सारला. मग तिने दोन्ही हात आपल्याच गालांवर मारून घेतले. “चाळीस वर्षं गं! चाळीस फाल्गुन माझ्या हातानं आग लावली. आणि वर शाबासकी घेतली, तिस्साच्या झाडाखाली काडी नसते म्हणून!” ती मोठ्याने रडली. मागून आलेल्या बायकाही रडल्या. त्यांत कण्हाला बोलणारी म्हातारी सर्वांत जास्त रडली.

रडून झाल्यावर त्या कामाला लागल्या. ज्येष्ठात बिया गळू लागल्या आणि त्या वर्षी कुणी एकही उचलली नाही. ही गोष्ट सांगायला सोपी आहे. तेल म्हणजे त्यांचा दिवा, त्यांची फोडणी, लेकरांच्या डोक्याचे आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचे औषध. सगळे समोर जमिनीवर पडलेले, आणि हात मागे बांधायचे. सवयीने वाकलेली बाई मध्येच थांबे आणि कंबर धरून सरळ होई. दुसऱ्या तिला हसत, आणि थोड्या वेळाने हसणारीच वाके. केस रुक्ष झाले, भाजी नुसती उकडलेली आली, नवरे कुरकुरले. थोरल्याखालचा दिवासुद्धा विझला. पण पाऊस लागला, पाचोळा कुजला, आणि श्रावणाच्या सुरुवातीला रानभर तांबूस पाने उघडली. बायकांनी काटेरी फांद्या तोडून प्रत्येक रोपाभोवती कुंपण केले.

एकाच जागी अडले. थोरल्याची पूर्वेची फांदी शेजारच्या सात झाडांवर पसरली होती, आणि तिच्याखाली दाट सावली. तिथली रोपे उगवली, पण पिवळी पडून माना टाकू लागली. ती सात झाडे सात गरीब बायकांची होती. त्या रोज येत, रोपांपुढे बसत आणि परत जात.

रानातल्या इतर वृक्षदेवता बोधिसत्त्वाला म्हणाल्या, “तुमचं काय अडलंय? तुम्हाला तर अमात्यानं अभय दिलंय. दिवा विझला तेवढाच, तोही लागेल पुन्हा.”

बोधिसत्त्व म्हणाला, “शेजार तुटल्यावर मी एकटा उभा राहून कोणाला सावली देऊ? बायांनी तोंडचा घास सोडला. मी फांदी धरून बसलो तर त्यांच्यापुढे मला उभं राहायची लाज वाटेल.”

आणि श्रावणातल्या एका दुपारी, पावसाने पंधरा दिवस ओढ दिलेली आणि वारा अगदी पडलेला असताना, त्याने ती फांदी सोडून दिली. झाडाला फांदी तोडताना दुखत नाही असे म्हणणाऱ्याने झाडाला कधी विचारलेले नसते. कडाडून आवाज झाला आणि सारे गाव धावत आले.

आपली झोक्याची फांदी आडवी पडलेली पाहून बायकांनी हंबरडा फोडला. “देव कोपला!” ती ताडकन उठणारी म्हातारी ओरडली. “दिवा बंद केला आपण त्याचा. पायाशी घाण साचू दिली. आत्ताच्या आत्ता झाडलोट करा, हा सगळा पाचोळा जाळा!” दोघी-तिघी खरोखरच निखारे आणायला धावल्या. दोन-तीन महिन्यांचे कष्ट एका घटकेत राख होणार होते. बोधिसत्त्व वरून पाहत होता आणि आता त्याच्या हातात काही उरले नव्हते.

कण्हा फांदीपुढे उभी राहिली. “कोपला असता तर आपल्या डोक्यावर टाकली असती,” ती म्हणाली. “झोक्यावर पोरं असताना टाकली असती. वर बघा, आत्याबाई. आणि मग खाली बघा.”

तिस्साने वर पाहिले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या पाने होती तिथे आभाळ दिसत होते. तिने खाली पाहिले. ऊन त्या सात झाडांच्या मुळाशी पडले होते, आणि एवढी अजस्र फांदी कोसळली असताना कुंपणातले एकही रोप दबले नव्हते. ती नेमकी दोन रांगांच्या मधल्या वाटेवर पडली होती.

“अगं, आपल्याच पंक्तीला बसला गं हा,” तिस्सा म्हणाली, आणि पुढे होऊन तिने थोरल्याला मिठी मारली. निखारे आणायला गेलेल्या बायका निखारे घेऊन आल्या, तेव्हा ते त्यांच्याच घागरीतल्या पाण्याने विझवले गेले. महिन्याच्या आत त्या सात झाडांखाली रोपांनी माना वर काढल्या.

कार्तिकी पौर्णिमेनंतर शोणक आला. बरोबर कुऱ्हाडी घेतलेली माणसे होती, आणि लाकूड निवडायला राजा भद्रसेन स्वतः आला होता. प्रत्येक झाडाखाली त्या झाडाची बाई उभी होती आणि तिच्या पायाशी काट्यांचे कुंपण होते. शोणक पहिल्या झाडापाशी वाकला, दुसऱ्यापाशी वाकला. पुढे पुढे तो वाकेनासा झाला, नुसता चालत राहिला. सारे रान पालथे घालून तो थोरल्याखाली आला.

“हातभर रोपं ही,” तो म्हणाला. “उद्या शेळी खाऊन जाईल.”

“शेळीनं खाल्लं तर शेजारी दुसरं येईल, महाराज,” तिस्साने अमात्याला सोडून थेट राजालाच उत्तर दिले. “शेळीनं कधी रान संपवलं नव्हतं. आम्ही संपवलं होतं, फार मन लावून. आता नाही संपवणार.”

राजा हसला. मग त्याची नजर थोरल्याच्या मोठ्या पांढऱ्या जखमेकडे गेली आणि त्याने कारण विचारले. कण्हाने सगळे सांगितले, आगीचेही सांगितले, लपवले नाही. राजा पडलेल्या फांदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

“शोणका, वेशीला लाकूड किती लागेल?”

शोणकाने फांदीवर नजर फिरवली. तो नियमाचा माणूस होता, म्हणून खोटे बोलला नाही. “वेशीची दारं होतील, महाराज. वरची तुळईसुद्धा होईल.”

“मग वेस झाली. तट दगडाचा बांधू,” राजा म्हणाला. “ज्या झाडानं आपण होऊन दिलं, त्याच्या शेजाऱ्यांना मी ओरबाडायला जाऊ का? कुऱ्हाडी गाडीत टाका.”

त्या दिवशी रानात जो गलका उठला तो तीन गावांना ऐकू गेला म्हणतात. बायकांनी स्वतः दोर लावून, गाणी म्हणत, ती फांदी गाडीवर चढवली. कुऱ्हाडवाल्यांनी हात लावायचा म्हटले, तर त्यांना बाजूला सारले. आणि गाडी हलल्यावर तिस्सा सुनेचा हात धरून निघाली. साऱ्या बायका मागून निघाल्या. पडलेल्या खोडापाशी येऊन तिने कण्हाचा तळवा त्या रोपाच्या शेंड्यावर टेकवला, अगदी हलके, आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, “हे तुझं.” पाणवठ्यावर हसणाऱ्या बायकांनी तिची ओटी भरली.

तेव्हापासून त्या रानात फाल्गुनात कुणी पाचोळा पेटवत नाही. तो एका अंगाला लोटतात आणि फुले झेलायला चटया अंथरतात. बियांतला चौथा वाटा झाडाचा म्हणून जमिनीवर ठेवतात. आणि सुनेला जुन्या झाडाबरोबर एक रोपही मिळते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली. त्या सकाळी एका तरुण भिक्षूने, विहारातल्या रोपांना पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्या उपासिकेला सर्वांसमोर टोकले होते, की उपदेशाची वेळ झाली तरी हिच्या हातची घागर सुटत नाही, आणि हिच्या आळ्यांतला पाचोळा सगळीकडे उडतो. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. तिस्सा म्हणजे मला वाढवणारी महाप्रजापती. नियमावर बोट ठेवणारा, पण खोटे न बोलणारा शोणक म्हणजे सकाळी रागावलेला हा भिक्षू. थोरल्यातला वृक्षदेव मीच होतो. आणि जिला आरंभी झाडच मिळाले नव्हते ती कण्हा, ती बघा, दाराशी घागर घेऊन उभी आहे.”

सर्वांनी मागे वळून पाहिले. म्हातारी गोंधळली आणि तिने घागर पाठीमागे लपवली. तेव्हा तो तरुण भिक्षू उठला, तिच्यापाशी गेला आणि हात पुढे करून म्हणाला, “आणा, आई. उरलेल्या झाडांना मी घालतो.”

उचलता येत असून जे जमिनीवर राहू दिले, आणि धरून ठेवता येत असून जे सोडून दिले, त्याला त्याग म्हणतात. रान त्याच्यावर उभे राहते.