कोतवालाची रिकामी नळी

“साक्षीदार आण!” तुंगारगडचे मानाजी महाराज भैरूवर गरजले. “तुझ्या भावाने पिस्तुलात गोळी भरली होती, असं सांगणारा माणूस उद्या दसऱ्याला माझ्यासमोर उभा कर. नाहीतर त्याचं पागोटं चौथऱ्यावर चढणार नाही!”

भैरूचा थोरला भाऊ लिंबाजी महाराजांचा शिपाई होता. नुकताच घाटात दरोडेखोराशी सामना होऊन तो मारला गेला. त्याच्या पिस्तुलात दारू ठासलेली सापडली, पण गोळी नव्हती. कोतवाल हैबतरावांनी लगेच निकाल दिला, “भित्रा! घाबरून गोळी भरायलाच विसरला!”

तुंगारगडची रीत अशी, की लढताना पडलेल्या शिपायाचं पागोटं दसऱ्याला चौथऱ्यावर शस्त्रांशेजारी ठेवायचं आणि राजाने त्याला वाकून नमस्कार करायचा. भित्र्याचं पागोटं मात्र घरी परत! लिंबाजीचं पागोटं हैबतरावांनी त्याच्या बायकोपुढे भिरकावलं होतं.

“महाराज, घाटात दोघंच होते,” भैरू म्हणाला. “दादा मेला, दरोडेखोर पळाला. असं करू, दरोडेखोराला आणायला कोतवाल जातील आणि दादाला आणायला मी जातो. बघू आधी कोण परत येतं!”

दरबारात खसखस पिकली. महाराज मात्र लाल झाले. “जीभ आवर! साक्षीदार आणला नाहीस तर तुलाही गडावरून हाकलीन!”

“आणतो की! चांगला मिशीवाला बघून आणतो!”

घरी आल्यावर वहिनीने कपाळाला हात लावला. “काय बोलून बसलात, भावजी? कुठून आणणार साक्षीदार?”

“ते अजून ठरलं नाही.”

“तुमच्या दादालाही बोलायचं भान नव्हतं. नवं पिस्तूल मिळालं तेव्हा म्हणाले, तोंड विहिरीएवढं आणि गोळ्या वाटाण्याएवढ्या!”

भैरू ताडकन उठला. “वहिनी, दादाचं पागोटं धुऊन ठेवा! उद्या लागणार आहे!”

हैबतरावांना पिस्तुलं बदलायचा भारी नाद. एक चोर निसटला, की “गोळी बारीक पडली!” म्हणून रुंद तोंडाची पिस्तुलं यायची. दुसरा निसटला, की त्याहून रुंद. चोर निसटत राहिले, नळ्या रुंदावत राहिल्या. आणि गोळ्या? “आधी जुन्या संपू द्या, मग नव्या ओतू!” त्या संपणार कशा? शिपाई पिस्तूल उडवायचे दसऱ्याला, सलामीपुरतं, तेही आभाळाकडे. त्यामुळे पणजोबांच्या वेळचा तो गोळ्यांचा हंडा अजून काठोकाठ भरलेला!

दसरा उजाडला. उंच चौथऱ्यावर शस्त्रं मांडली, झेंडू वाहिला, शेजारी गोळ्यांचा हंडा ठेवला. चौथऱ्याच्या पायऱ्यांखाली सगळा गड गोळा झाला.

“कुठाय तुझा साक्षीदार?” महाराजांनी विचारलं.

“हे काय, तुमच्या शेजारीच उभे आहेत. कोतवाल हैबतराव!”

“मी?” हैबतराव उसळले. “मी घाटात नव्हतोच!”

“नव्हता, म्हणून तर जिवंत आहात! दादा घाटात वर होता आणि दरोडेखोर खाली. आता तुम्ही चौथऱ्यावर, मी पायऱ्यांखाली. हंड्यातून हवी ती गोळी घ्या, सगळ्यांना दाखवून भरा, माझ्या छातीवर रोखा आणि उडवा!”

“भावजी!” वहिनी किंचाळली.

महाराजही चपापले. “अरे, मेलास तर?”

“तर गडावरून हाकलायचा त्रास वाचेल, महाराज!”

“उडवतोच!” हैबतरावांनी मिशीला पीळ दिला. दारू ठासली, गोळी उंच धरून साऱ्यांना दाखवली आणि नळीत सोडली. मग डावा डोळा मिटून त्यांनी पिस्तूल खाली रोखलं. भैरू छाती काढून उभा होता.

टप्!

नळीतून गोळी निघाली, ती उडून नव्हे, घरंगळून! टप् टप् टप् करत पायऱ्या उतरली आणि भैरूच्या अंगठ्याशी येऊन थांबली. तेवढ्यात हैबतरावांनी चाप ओढला. धडाम! नुसता जाळ आणि धूर. धूर विरला तेव्हा कोतवालांची अर्धी मिशी जळाली होती आणि भैरू जागच्या जागी उभा होता.

त्याने गोळी उचलली. “महाराज, कोतवालांनी गोळी भरलीच नव्हती! घाबरले बिचारे. यांचं पागोटं आत्ता घरी पाठवायचं, की जेवण झाल्यावर?”

“भरली होती!” हैबतराव ओरडले. “सगळ्यांनी पाहिलंय! नळी खाली केली आणि घरंगळली, त्याला मी काय करू?”

“झाली साक्ष, महाराज!” भैरू म्हणाला. “माझ्या दादाचंही हेच म्हणणं आहे. फक्त त्याला ओरडून सांगायला वेळ मिळाला नाही.”

मग महाराजांची नजर त्या अर्ध्या मिशीवर गेली आणि त्यांना हसू आवरेना! हसता हसता ते पायऱ्या उतरले, पण वहिनीसमोर येताच गप्प झाले. त्यांनी तिच्या हातून पागोटं घेतलं, स्वतः चौथऱ्यावर नेऊन ठेवलं आणि कपाळ टेकेपर्यंत वाकले.

भैरूने मान वर केली, ती खाली करेचना.

“वर काय बघतोस रे?” महाराजांनी विचारलं.

“बघतोय, सलामीच्या गोळ्या अजून वरच आहेत का,” भैरू नाक ओढत म्हणाला.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून त्याच्या मनगटात घातलं. “आणखी काय हवं? माग!”

“एवढंच, की यापुढे नवं पिस्तूल आलं, तर कोतवालांना पायऱ्यांखाली उभं करायचं आणि शिपायाने वरून रोखून उडवायचं.”

“अहो महाराज, मी मरेन!” हैबतराव रडकुंडीला आले.

“कसे मराल?” भैरू म्हणाला. “गोळ्या तुमच्याच हंड्यातल्या ना!”

महाराज असे हसले, की चौथऱ्यावरचा झेंडू हलला. “दिलं! मागितलंस ते दिलं!”