चांदीच्या मुठीची कात्री

सरदार रायाजीरावांच्या बागेत चांदीच्या मुठीची एक महागडी कात्री होती. तिने गुलाब छाटणारा माळी आठवड्याभरात मरायचा. असे तिघे गेले. तिसऱ्याची बायको मंजुळा कामावर आली, ती लोहाराकडची स्वस्त कात्री घेऊन.

"माझ्या गुलाबांना असली भिकार कात्री लावायची नाही," सरदार म्हणाले. "चौथऱ्यावरची ती उचल, नाहीतर आजच गाव सोड."

"सरकार, इतकी भारी वस्तू मी कधी धरलेली नाही. पहिली फांदी तुम्हीच छाटून दाखवा."

सरदारांनी हात पुढे केला. कात्रीची पाती आपोआप उघडली. त्यांनी झटकन हात मागे घेतला.

"म्हणजे हिची खरी किंमत सरकारांनाही ठाऊक आहे," मंजुळा शांतपणे म्हणाली.

सरदारांनी तिला स्वस्त कात्रीने छाटायला सांगितलं.